गोव्यात फोर बाय फोर घेताय? आधी गाडीखाली आडवे व्हा

२०२१ची महिंद्रा थार होती. लाल, चकचकीत, मीटरवर ३८ हजार किलोमीटर. मालक साखळी या गावचा. ‘घरच्याच वापरातली’ म्हणाला. मी बयाण्यासाठी खिशात हात घालणार, तेवढ्यात सोबत आलेल्या गॅरेजवाल्या मेस्त्रींनी ड्रायव्हरची सीट मागे सरकवली. करकर आवाज आला. त्यांनी सीटच्या रुळात बोट फिरवलं आणि माझ्यापुढे धरलं. बोटावर वाळू होती, बारीक, शिंपल्यांच्या चुऱ्यासकट.

साखळीला समुद्र नाही.

घरी येऊन गाडीच्या नंबरावर चलनं तपासली. कळंगुट, हणजूण, वागातोर, पुन्हा कळंगुट, सगळी किनाऱ्यावरची आणि डिसेंबर-जानेवारीतली. खाजगी नंबरपट्टीची गाडी गुपचूप पर्यटकांना भाड्याने जात होती आणि ते तिला लाटांत नेऊन फोटो काढत होते. सात महिने गाड्या बघत फिरलो, त्यातली ही अकरावी. शेवटी २०२३ च्या ऑक्टोबरात मी जुनी थार घेतली आणि त्याच वर्षी माझ्या धाकट्या भावाने मारुतीची नवी जिमनी घेतली. दोन्ही गाड्यांनी दोन-दोन पावसाळे काढलेत, तेव्हा आता बोलायला हरकत नाही.

गोव्यात गाडी मीटरवर म्हातारी होत नाही, खालून होते. नवी-जुनीचा निर्णय शेवटी तिथेच येऊन थांबतो.

१. आधी वाट मोजा, मग गाडी

तुम्हाला फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद देणारी गाडी, नेमकी कुठे लागणार आहे ते कागदावर लिहा. ‘कधी तरी लागेल’ हे उत्तर धरू नका.

माझं कुळागर, म्हणजे सुपारीची बाग, सत्तरी तालुक्यात आहे. डांबर संपल्यावर दीड किलोमीटर तांबड्या मातीची चढण आणि मध्ये एक व्हाळ, म्हणजे ओढा. जून ते सप्टेंबर तिथे साधी गाडी जात नाही. नोव्हेंबरनंतर माझी जुनी वॅगन आरसुद्धा जायची. म्हणजे गरज चार महिन्यांची, त्यातही आठवड्यातून दोनदा. एवढ्यासाठी नव्या गाडीचे पैसे घालायला जीव होईना.

चोर्लामार्गे बेळगाव किंवा अनमोडमार्गे लोंढा हे घाट डांबरी आहेत. त्यांच्यासाठी फोर बाय फोर लागत नाही, चांगले टायर आणि ब्रेक लागतात. दूधसागरची स्वप्नं बघत असाल तर तीही आवरा. कुळ्याहून धबधब्याकडे अभयारण्यातून फक्त परवानाधारक जीपा जातात, तुमची गाडी कितीही तगडी असली तरी. म्हादई, नेत्रावळी, खोतीगाव, भगवान महावीर ही अभयारण्यं आहेत, तिथे वाटेल त्या रानवाटेवर गाडी घालता येत नाही. किनाऱ्यावर गाडी नेणं तर कायद्यानेच बंद आहे. सगळं वजा केलं की उरतं स्वतःचं किंवा ओळखीच्यांचं भाट (बागायत), मालकाच्या परवानगीने एखादी बंद पडलेली चिऱ्याची खाण आणि ऑफ-रोडवाल्या मंडळींसोबतचे रविवार. २०१४ पासून भर पावसाळ्यात गोव्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज ही ऑफ-रोड गाड्यांची स्पर्धा भरते. एकदा बघायला जा. चिखलात गाडीचं काय होतं ते फुकटात कळेल.

वर्षाला पंधरा दिवससुद्धा भरत नसतील तर उंच, साधी टू-व्हील ड्राइव्ह गाडी घ्या आणि उरलेल्या पैशांत भाटाच्या वाटेवर दगड टाकून घ्या. मी गमतीने म्हणत नाहीये. माझ्या शेजाऱ्याने तेच केलं आणि तो सुखात आहे.

२. नवी गाडी नेमकी कशाचे पैसे घेते

भावाने जिमनी घेतली कारण त्याची बायको रोज म्हापसा-पणजी करते आणि घरात दोन लहान मुलं. जिमनीत सहा एअरबॅगा सगळ्या मॉडेलांत येतात. मी घेतलेल्या २०२० आधीच्या सीआरडीई डिझेल थारमध्ये एकही नाही. इथे माझ्याकडे प्रतिवाद नाही. मुलांना रोज बसवणार असाल तर २०२० आधीच्या थारचा आणि मारुतीच्या जिप्सीचा विचार सोडा, पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

नव्याचे दुसरे पैसे निवांतपणाचे. वॉरंटी, कंपनीच्या गॅरेजची नोंद, कर्ज स्वस्त. आणि महत्त्वाचं म्हणजे खालचं लोखंड पहिल्या दिवसापासून तुमच्या ताब्यात असतं.

किमती बघताना एक ध्यानात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांवरचा जीएसटी बदलला, सेस गेला. चार मीटरच्या आतली गाडी, पेट्रोल १,२०० किंवा डिझेल १,५०० सीसीपर्यंत असेल तर १८ टक्के, नाहीतर ४०. गंमत अशी की जिमनी लांबीला आत बसते पण १,४६२ सीसी पेट्रोलमुळे ४० मध्ये जाते, तर दीड लिटर डिझेलची थार १८ मध्ये येते. पण ती थार फक्त मागच्या चाकांवर चालते! जुनी विकणारे कित्येकजण अजून आपण मोजलेली जुनी किंमत डोक्यात धरून भाव सांगतात. म्हणून जुनी बघायच्या आधी नव्या गाडीचा आजचा ऑन-रोड भाव लिहून खिशात ठेवा.

जुनीचा हिशेब मी असा केला: गाडीची किंमत, तिच्या वर १५ टक्के पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीला, आणि परराज्यातली असेल तर गोव्याचा रोड टॅक्स. ही बेरीज नव्याच्या दोन तृतीयांशाच्या वर गेली की जुनीचा नाद सोडायचा. हा माझा ठोकताळा, शास्त्र नव्हे. माझे ते १५ टक्के पहिल्या आठ महिन्यांतच संपले. क्लच, पुढचं एक बेअरिंग, बुश आणि चार टायर.

३. कोणती गाडी कशासाठी

थार म्हणजे फोर बाय फोर, हा समज सगळ्यात महागात पडतो. जानेवारी २०२३ पासून थार टू-व्हील ड्राइव्हमध्येही मिळते. बाहेरून फरक चटकन कळत नाही, आत गिअरच्या बाजूला दुसरा छोटा दांडा आहे का बघा. पाच दारांच्या थार रॉक्सला फोर बाय फोर फक्त डिझेलमध्ये येतं. जाहिरातीत ‘थार, सुपर कंडिशन’ एवढंच असेल तर पहिला प्रश्न दांड्याचा विचारा.

२०२०ची थार जमिनीपासून २२६ मिलिमीटर उंच आणि ६५० मिलिमीटर पाण्यातून जाऊ शकते असं कंपनी सांगते. जिमनी २१० मिलिमीटर. ती हलकी आणि अरुंद असल्यामुळे आमच्या कुळागराच्या वाटेवर माझ्या थारपेक्षा लीलया चढते. हे कबूल करायला मला एक वर्ष लागलं. हे साडेसहाशे मिलिमीटरचे आकडे साठलेल्या पाण्याचे असतात, वाहत्या व्हाळाचे नव्हेत. घोट्याच्या वर जोरात वाहणारं पाणी दिसलं की मी गाडी अलीकडे लावून चालत जातो.

फोर्सची गुरखा ताकदीची, पुढे-मागे दोन्ही डिफरन्शिअल (डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणारे गिअरांचे डबे) लॉक होतात, पण गाड्या कमी आणि भागांसाठी थांबायची तयारी हवी. जिप्सी १९८५ मध्ये आली, आता मिळतात त्या म्हाताऱ्या. हौस म्हणून उत्तम. पंधरा वर्षांवरच्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते आणि २०२२ मध्ये त्याचं शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झालं, हे मात्र जिप्सीवाला स्वतःहून सांगत नाही.

डिझेल घेणाऱ्यांनी आणखी एक ऐका. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ फिल्टर असतो. काजळी जाळून तो साफ व्हायला गाडी बराच वेळ एका वेगात पळावी लागते. आपलं गोवं केवढं? म्हापसा-पणजी १३ किलोमीटर, त्यात पर्वरीचा सिग्नल. रोज तेवढंच चालवणाऱ्याने पेट्रोल घ्यावं.

४. जुनी कुठून आणायची

सगळे सांगतील, ‘गोव्याची, एका हातची घे’. मी उलट सांगतो. किनाऱ्यालगतची गोव्याची गाडी सगळ्यात शेवटी बघा. खारा वारा आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, यात रात्रंदिवस उघड्यावर उभी राहिलेली गाडी चालली नाही तरी गंजते. माझी थार केए-२२ची, म्हणजे बेळगावची. १ लाख १० हजार किलोमीटर चाललेली, पण खालची चेसिस कोरडी. तिच्याच वयाची कांदोळीतली ५० हजार किलोमीटरची थार बघितली होती. तिच्या चेसिसच्या मागच्या आडव्या दांड्यात, क्रॉस मेंबरमध्ये, स्क्रू-ड्रायव्हर आत गेला.

पर्यटनातल्या गाड्यांचे दोन प्रकार. काळ्या पट्टीवर पिवळी अक्षरं असलेली रेंट-अ-कॅब निदान उघड असते. खाजगीत बदलून विकत असतील तर जुने विमा कागद मागा, त्यात वापराचा प्रकार लिहिलेला असतो. दुसरा प्रकार साखळीच्या लाल थारचा. त्याला चलनं, सीटचे रूळ आणि स्पेअर चाकाच्या नटांवरचा गंज हेच साक्षीदार.

दिल्लीच्या स्वस्त डिझेल गाड्यांचंही आमिष येतं. तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून त्या बाहेर निघतात. चेसिस बऱ्याचदा छान असते. पण तिथल्या आरटीओचा ना हरकत दाखला हातात येईपर्यंत एक रुपया देऊ नका.

५. गाडीखाली आडवे होण्याचा दिवस

सकाळची वेळ घ्या, इंजिन थंड असताना. मालकाला आधी सांगा, ‘गाडी तापवून ठेवू नका.’ सोबत न्यायचं:

- जुनी चटई किंवा पुठ्ठा
- हातातली बॅटरी (टॉर्च); मोबाइलचा उजेड पुरत नाही
- लहान हातोडी किंवा स्क्रू-ड्रायव्हर
- लोहचुंबक, पातळ कापडात गुंडाळून
- पेन्सिल आणि कोरा कागद
- तुमचा स्वतःचा मेस्त्री, विकणाऱ्याचा नव्हे

चेसिसच्या दोन्ही दांड्यांवर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत पुढून मागे जा. चांगलं लोखंड खणखणतं. गंजलेलं भद्द वाजतं आणि पोपडे गळतात. दांड्यांना जी भोकं असतात त्यांत बोट घालून बघा: चिखल साठून राहतो तो तिथेच. सत्तरी-डिचोलीकडच्या गाडीत लाल माती असणारच, ती धुऊन निघते. खारी वाळू तेवढ्याने सुटत नाही.

खालून सगळीकडे ताजा काळा कोट मारलेला दिसला तर खूश होऊ नका. गंजावर थापलेला तो रबरी थर आतली ओल आतच धरतो. मी बघितलेल्या गाड्यांत तीन तशा होत्या. एकीच्या मालकाला विचारलं, ‘कधी मारला?’ तर म्हणे, ‘काल.’ प्रामाणिक माणूस.

मग पेन्सिल. चेसिस नंबर शोधा, वर कागद धरा आणि लहानपणी नाण्याचा ठसा काढायचो तसा पेन्सिलीने घासा. आकडे आरसीशी ताडून बघा. आरटीओत तपासणीला असाच ठसा लागतो आणि गंजाने आकडे खाल्ले असतील तर नोंदणी अडकते.

चुंबक दारांच्या खालच्या कडांवर आणि चाकांच्या कमानींवर फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे लांबी (पुट्टी) भरली आहे. गालिचा उचला, हुंगा. कापडी छताची असेल तर छपराच्या आतून बुरशी बघा. गोव्याच्या पावसात कापडी छत ही एक शिक्षाच आहे, पण ज्याला हवं असतं त्याला समजावून उपयोग नसतो.

शेवटी तेल. पुढच्या आणि मागच्या डिफरन्शिअलचा, आणि ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या डब्याचा) तेल भरायचा नट मेस्त्रींकडून सोडवून घ्या, बोट घालून तेल बघा. मधासारखं किंवा काळपट असेल तर ठीक. दूध घातलेल्या चहासारखं असेल तर आत पाणी गेलंय. चालून तापलेला अ‍ॅक्सल व्हाळाच्या गार पाण्यात उतरला की आतली हवा आकसते. अ‍ॅक्सलला हवा घेऊ देणारी ब्रीदरची नळी मातीने बुजली असेल तर सील मधून पाणी ओढलं जातं. असं तेल सापडलं तर भाव कमी करून मागू नका, सरळ निघा. आतल्या बेअरिंगांचं आणि दात्यांचं काय झालंय ते उघडल्याशिवाय कळत नाही.

६. दांडा टाकून चालवा, पण डांबरावर नको

या गाड्यांत फोर-व्हील लावलं की पुढची-मागची चाकं एकाच गतीने बांधली जातात. वळणावर पुढच्या चाकांना जास्त अंतर कापायचं असतं. मातीवर ती घसरून जुळवून घेतात, डांबरावर ताण गिअरांवर येतो. म्हणून मैदान किंवा कच्ची वाट शोधा.

आधी फोर-हाय (चारही चाकं, नेहमीचा वेग), थोडं पुढे-मागे. मग गाडी थांबवून फोर-लो (चारही चाकं, कमी वेग, जास्त जोर), पहिला गिअर, क्लच हळू सोडा आणि पाय सगळ्या पेडलांवरून काढा. गाडी माणसाच्या चालीने चढ चढायला हवी. दांडा अडकतो का, मध्येच सुटतो का, पुढून टकटक येते का, बघा. ‘दांडा वापरला नाही म्हणून जरा जड आहे’ हे उत्तर अर्धं खरं असतं. बऱ्याच शहरी मालकांनी तो खरंच कधी ओढलेला नसतो, पण जड दांड्याचा खर्च तुमच्याकडे येतो.

जादा मोठे टायर, गाडी उंच करणारं लिफ्ट किट, पुढचा लोखंडी बुलबार यांचे वेगळे पैसे देऊ नका. बुलबारवर २०१७ पासून बंदी आहे, आणि कंपनीच्या मूळ रचनेतले फेरफार आरसीवर चढवलेले नसतील तर अपघातानंतर विमा कंपनी तेच आधी शोधते.

७. कागद

जुनीसाठी हे सगळं एका फायलीत:

- मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी
- मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०, सह्या केलेले
- कर्ज होतं तर आरसीवरचा बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आणि बँकेचा दाखला
- परराज्यातली असेल तर फॉर्म २८चा ना हरकत दाखला
- दोघांचे ओळखीचे आणि पत्त्याचे पुरावे, फोटो
- चेसिस नंबरचा ठसा
- चलनं बाकी नसल्याची खात्री
- सर्व्हिसची बिलं, दोन्ही चाव्या

राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचं असतं. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्या. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याच्याबरोबर जातो, तुम्हाला मिळत नाही. परराज्याची गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर इथली नोंदणी करावीच लागते.

माझा घोळ फॉर्म ३५ वर झाला. विकणाऱ्याने कर्ज फेडलं होतं, बँकेचं पत्रही होतं, पण आरसीवरून बोजा उतरवला नव्हता. मला वाटलं पत्र पुरेल. पुरलं नाही. तो उतरेपर्यंत ना हरकत दाखला निघेना आणि मी पैसे देऊन बसलेला. सहा आठवडे गेले, चोर्ला घाटाच्या चार फेऱ्या झाल्या. तुम्ही परिवाहनच्या साइटवर गाडीचा नंबर टाकून बोजा दिसतो का ते बयाण्याआधी बघा, दोन मिनिटांचं काम.

८. नवी घेत असाल तर

इथे फार सांगण्यासारखं नाही. कोटेशनमधली ‘हँडलिंग’ची ओळ खोडायला लावा. विमा शोरूमचाच घ्यायची सक्ती नाही, बाहेरचा भाव आणा. पण इंजिनात पाणी जाण्याचं संरक्षण देणारं कलम नक्की घ्या. साध्या विम्यात ते येत नाही. दहा लाखांवरच्या गाडीला एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीवेळी घेतला जाणारा आगाऊ प्राप्तिकर, लागतो, तो प्राप्तिकराच्या विवरणात परत मागता येतो.

नोंदणी व्हायच्या आधी गाडी प्रत्यक्ष बघा. बनावटीचा महिना, टायरवरचा चार आकडी आठवडा-वर्ष, आणि हो, नव्या गाडीखालीही आडवे व्हा. यार्डात एक पावसाळा उभी राहिलेली गाडी बोल्टांवरून ओळखू येते. भावाला दाखवलेली पहिली जिमनी आम्ही त्याच कारणाने परत पाठवली, दुसरी तीन आठवड्यांनी आली.

९. घरी आल्यावर

जुनी असो वा नवी, जूनच्या आधी ब्रीदरच्या नळ्या साफ करा. गणेश चवथीनंतर, पाऊस ओसरला की, डिफरन्शिअलचं तेल एकदा बघा. किनाऱ्याकडे जाऊन आलात तर त्याच संध्याकाळी साध्या पाण्याने खालून धुवा. जोराच्या फवाऱ्याने सीलवर मारा करू नका. गेल्या ऑक्टोबरात माझ्या मागच्या डिफरन्शिअलचं तेल किंचित दुधाळ निघालं. ब्रीदरच्या तोंडात कुंभारीण माशीने मातीचं घर केलं होतं.